मुंबई ते कलकत्ता : एका अंतराचा इतिहास

शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, त्यावर मुंबई आणि कलकत्ता या दोन ठिकाणी टाचण्या टोचाव्यात आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. हा दोरा मराठवाड्याच्या उत्तर भागावरून आणि यवतमाळच्या आसपासच्या मुलखावरून जातो, नागपूर शहराला सुमारे पन्नास किलोमीटर डावीकडे ठेवतो आणि वैनगंगेचे खोरे ओलांडून छत्तीसगडात शिरतो. तेथे तो ज्या गावाच्या जवळजवळ माथ्यावरूनच जातो, ते गाव म्हणजे आपले भिलाई. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या मराठी माणसाला आपण दोन महानगरांपासून दूर कोपऱ्यात पडलो आहोत असे वाटत असते. भूगोलाचा निर्वाळा नेमका उलट आहे. आपण कोपऱ्यात नाही, त्या दोन शहरांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर, मध्याच्या किंचित पुढे आहोत.

ही सरळ रेषा सुमारे १६६० किलोमीटरांची. विमान ती आज अडीच-पावणेतीन तासांत आक्रमिते. नागपूरवरून जाणारा लोहमार्ग १९६८ किलोमीटरांचा. त्यांपैकी मुंबई ते नागपूर ८३७ आणि नागपूर ते हावडा ११३१. आकाशमार्ग आणि लोहमार्ग यांच्यातील हा तीनशे किलोमीटरांचा फरक घाटांचा, नद्यांचा, कोळशाच्या खाणींचा आणि माणसांच्या निरनिराळ्या गरजांचा आहे. या अंतराचा इतिहास म्हणजे निव्वळ वाढत्या वेगाचा इतिहास, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु वाटेवरील गावात राहून हा इतिहास पाहू लागले, म्हणजे एक निराळाच प्रश्न पुढे येतो : जाणारा किती वेगाने गेला यापेक्षा तो येथे थांबला की नाही?

या वाटेवरून मराठी पाऊल प्रथम मोठ्या संख्येने पडले ते अठराव्या शतकात. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर १७४१ च्या सुमारास छत्तीसगडात आले. रतनपूरच्या हैहयवंशी राजाने शरणागती पत्करली आणि तेथून पुढे १७४२ मध्ये मराठी फौजा बंगालात उतरल्या. त्या स्वाऱ्यांचा शेवट १७५१ च्या तहाने झाला. ओरिसा भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि बंगालच्या चौथाईपोटी साल बारा लाख रुपये ठरले. खुद्द भास्करपंत मात्र १७४४ मध्येच, वाटाघाटींसाठी म्हणून अलीवर्दीखानाच्या छावणीत गेले असता दगाफटक्याने मारले गेले होते. आपल्या इतिहासग्रंथांतून या मोहिमेचे वर्णन अभिमानाने येते. त्याच मोहिमेची आठवण बंगालमधील आया बाळांना निजविताना ‘बर्गी’ म्हणजे बारगीर आल्याची भीती घालून करीत असत. वाट एकच; तिच्या एका टोकाला ती पराक्रमाची, दुसऱ्या टोकाला ती उद्ध्वस्त गावांची. परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाने हे दोन्ही लक्षात ठेवणे बरे.

या साऱ्या काळात छत्तीसगड हा बंगालकडे जाण्याचा नुसता रस्ता होता. तो मुक्कामाचा झाला १७५८ मध्ये, रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले तेव्हा. १७८७ पर्यंत, म्हणजे सुमारे एकोणतीस वर्षे, त्यांनी तेथूनच कारभार पाहिला. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले. मोडी लिपीतील दप्तर, मराठी कारकून, दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या गोष्टी तेव्हा या मुलखात आल्या. फौजेबरोबर आलेला माणूस लूट घेऊन परत जातो. मुक्कामाला आलेला माणूस देऊळ बांधतो, लेकीसुनांना येथेच नांदवितो. बिंबाजींच्या पश्चात सुभेदारांचा अंमल सुरू झाला आणि नागपुराहून लांबून कारभार पाहण्याची तीच जुनी रीत परत आली. त्या अमलाची आठवण येथील प्रजेला गोड वाटावी असे त्यात फारसे काही नव्हते.

त्या काळी नागपूर-रायपूर हे सुमारे तीनशे किलोमीटरांचे अंतर किती वेळाचे होते? याचे एक बोलके उदाहरण बंगालच्याच एका कुटुंबाचे आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहात होते, आणि त्यांचे कुटुंब त्यांच्याकडे निघाले. त्यांत चौदा वर्षांचा नरेंद्र होता. हाच पुढे स्वामी विवेकानंद झाला. चरित्रकारांच्या कथनानुसार आगगाडी नागपूरपर्यंतच होती आणि तेथून पुढे पंधरा दिवसांहून अधिक काळ बैलगाडीचा प्रवास करावा लागला. कलकत्ता ते रायपूर हे सरळ अंतर सातशे किलोमीटरांच्या आसपास. पण त्यासाठी आधी अलाहाबाद-जबलपूरवरून पार पश्चिमेला यावयाचे आणि मग बैलांच्या पावलांनी पुन्हा पूर्वेकडे वळावयाचे! वाटेत डोंगरकपारीतले एक प्रचंड मधाचे पोळे पाहता पाहता त्या मुलाचे देहभान हरपले, अशी हकीकत चरित्रांतून सांगितलेली आहे. त्या प्रवासाला पंधरा दिवस लागले म्हणून तर ते पोळे दिसले, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे. रायपूरच्या विमानतळाला २०१२ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

नरेंद्राला असा वळसा का पडला, हे समजण्यासाठी लोहमार्गांचा क्रम पाहिला पाहिजे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी हावड्याहून हुगळीपर्यंत गाडी सुरू झाली. दोन टोकांकडून निघालेले हे मार्ग एकमेकांना भेटले ते मार्च १८७० मध्ये, जबलपूरला. मुंबई-कलकत्ता सलग आगगाडीचा प्रवास तेव्हापासून शक्य झाला. ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या आपल्या १८७३ साली ग्रंथरूपाने आलेल्या कथेत मुंबई-कलकत्ता प्रवासाला तीन दिवस धरले आहेत. गंमत अशी की, कथेच्या सोयीसाठी त्याने हा मार्ग मध्येच अपुरा ठेवला आणि नायकाला हत्ती विकत घ्यावयास लावला. वास्तवात अपुरा होता तो दुसरा, अधिक सरळ मार्ग. वऱ्हाडच्या कापसासाठी जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास येऊन पोहोचली आणि तेथे थबकली. पुढे पूर्वेला भाताचा समृद्ध मुलूख होता. पण तेथून धान्य बाहेर न्यावयाचे ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, किंवा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नागपूर-रायपूर सडकेवरून. भिलाई-रायपूरच्या लोकांच्या तोंडी ही सडक आजही ‘जी. ई. रोड’ याच नावाने आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले. एकीकडे माणसे अन्नावाचून मरत होती, आणि दुसरीकडे वाहतुकीची सोय नसल्याने छत्तीसगडचे धान्य जागच्या जागी अडकत होते. यांतून ‘नागपूर-छत्तीसगड रेल्वे’ निघाली. तिचे रूळ मीटर मापाचे, आणि ती १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचली. हे राजनांदगाव भिलाईपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग आपल्याकडे घेतला, त्याचे रूळ रुंद केले आणि तो रायपूर, बिलासपूर, चक्रधरपूर असा आसनसोलपर्यंत नेला. १८९१ मध्ये हा मार्ग खुला झाला. त्यानंतर १९०० मध्ये खडगपूरवरून थेट हावड्याला जोड मिळाली आणि मुंबई-कलकत्ता प्रवासाचा सुमारे दोनशे किलोमीटरांचा फेरा वाचला. दरेकसा-बोरतलावच्या घाटातील बोगद्यातून गाडी जाते तेव्हा महाराष्ट्र संपून छत्तीसगड सुरू होतो. रात्री गाडीचा आवाज बदलला, म्हणजे ‘दरेकसा आले’ हे आपल्यापैकी पुष्कळांना झोपेतसुद्धा कळते.

वेळेच्या इतिहासात आणखी एक मौज होती. मुंबईचे आणि कलकत्त्याचे घड्याळ त्या काळी एक नव्हते. सूर्य कलकत्त्याला मुंबईपेक्षा तासाभराहूनही आधी उगवतो, आणि दोन्ही शहरे आपापल्या सूर्याला चिकटून होती. आगगाड्या मात्र मद्रासच्या वेळेवर चालत. म्हणजे मुंबईहून निघालेल्या उतारूला तीन वेळांचा हिशेब सांभाळावा लागे. १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी या दोन्ही शहरांचा हेका विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरता सुटला नव्हता. ही प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते, ते भिलाईच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर आहे. त्यामुळे भिलाईचा सूर्य आणि भिलाईचे घड्याळ यांच्यात चार-पाच मिनिटांचेच अंतर पडते. मुंबईचा सूर्य मात्र भिलाईच्या सूर्यामागे चौतीस मिनिटांनी चालतो. बदली होऊन नवीन आलेल्या गृहिणी पहिल्या हिवाळ्यात ‘इथे किती लवकर अंधारते!’ म्हणून कासावीस होतात, ती तक्रार मनाची खरीच. पण ती भूगोलाचीही आहे.

भिलाई गाव म्हणून नावारूपाला आले ते या लोहमार्गामुळेच. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या कराराने येथे पोलादाचा कारखाना ठरला. दक्षिणेला दल्ली-राजहरा येथे लोहखनिज, जवळच नंदिनीला चुनखडी, तांदुळा धरणाचे पाणी, आणि दारावरून मुंबई-हावडा मार्ग अशा चार गोष्टी एकत्र आल्या. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आरंभीची योजना वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. आज देशातील लोहमार्गांसाठी लागणाऱ्या रुळांचा मोठा वाटा येथूनच जातो. दोनशे साठ मीटर लांबीचे सलग रूळ येथे तयार होतात. ज्या रुळांनी माणसांना येथे आणले, तेच हे गाव आता बाहेर पाठवीत असते.

परंतु कारखाना उभा राहात असतानाच या गावाच्या अंतरांमध्ये एक मोठा बदल घडून गेला. त्या बदलात मैल एकही वाढला नाही. १८६१ पासून दुर्ग-रायपूरचा मुलूख ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे. पण ते मुख्यमंत्री म्हणून राज्य करीत ते नागपुरातून. उच्च न्यायालय नागपुरास, सचिवालय नागपुरास. दुर्गला नेमणूक झालेला मराठी अधिकारी आपल्याच प्रांतात, राजधानीपासून २६५ किलोमीटरांवर असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. तो अधिकारी ज्या खुर्चीवर बसला होता, त्याच खुर्चीवर परप्रांतीय झाला. आणि विचित्र गोष्ट अशी की, दुर्गहून नव्या राजधानीला आगगाडीने जावयाचे तर एक सरळ वाट जुन्या राजधानीवरूनच होती! नागपूर स्टेशनावर चहा घेऊन पुढे भोपाळला जाणाऱ्या कितीतरी माणसांच्या मनात तेव्हा काय आले असेल, ते कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नाही.

काहींनी या सीमारेषेची फिकीर केली नाही. माधवराव सप्रे यांनी तर फार पूर्वी, १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले होते. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथलेच राहिले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मान्यवर कवी. एका घरात दोन भाषांचे दोन कवी नांदले, त्यांच्यामधले अंतर कोणत्या मापाने मोजावयाचे?

आता आकाशमार्गाकडे वळू. १९४९ च्या जानेवारीअखेर देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, आणि तिचे केंद्र होते नागपूर. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात पोहोचावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. ही व्यवस्था सुमारे दोन तपे चालली. ती विमाने डाकोटासारखी, ताशी तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर जाणारी; म्हणजे मुंबई-कलकत्ता निव्वळ उड्डाणाचेच साडेपाच-सहा तास. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९५७ मध्ये व्हायकाउंट आले आणि १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट विमान आले. वेग ताशी आठशेच्या घरात गेला. जेटला नागपुरास उतरण्याची गरज उरली नाही. मुंबई आणि कलकत्ता एकमेकांजवळ आले. मधली गावे मात्र होती तेथेच राहिली.

याच काळातील एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी वाचक देतील अशी आशा आहे. माझे वडील १९५९ मध्ये भिलाईस रुजू झाले. १९६६ च्या हिवाळ्यात एके संध्याकाळी वाईहून तार आली : आजी अत्यवस्थ. त्या रात्री दुर्गहून मेल गाठून ते निघाले. दुसरा सबंध दिवस गाडीत गेला. कल्याणला उतरून रात्री पुणे, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एस. टी. ने वाई. आजीचे सर्व आटोपले होते. वडिलांनी पुढे कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. मात्र क्वार्टरच्या अंगणात बाजेवर पडलेले असताना वरून एखादे विमान पूर्वेकडे गेले, म्हणजे ते दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहात. ‘दीड तासापूर्वी हे मुंबईला होते,’ एवढेच म्हणत.

त्यांच्या पिढीला दिलासा मिळाला तो विमानाने नव्हे, आगगाडीनेच. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली. रेल्वेमंत्री होते मधू दंडवते. रवींद्रनाथांच्या काव्याचे नाव असलेल्या या गाडीत वरचा-खालचा असा वर्ग नव्हता. दोन टोकांमधला प्रवास तिने सुमारे तीस तासांवर आणला. पण आमच्या दृष्टीने तिचे मोल वेगळेच होते : ती दुर्गला थांबत असे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-बिलासपूर ‘वंदे भारत’ सुरू झाली. नरेंद्राच्या बैलगाडीचे पंधरा दिवस आता पाच तासांच्याही आत आले आहेत. तिच्याबद्दलही येथील लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगाचा नव्हे, थांब्याचा.

आजचा हिशेब असा. भिलाईजवळ नंदिनीला धावपट्टी आहे. परंतु प्रवासी विमानासाठी रायपूरला, शहराच्या पलीकडे मानापर्यंत जावे लागते. रायपूर-मुंबई उड्डाण पावणेदोन तासांचे. त्यात घर ते विमानतळ, तेथील आधी जाऊन बसणे, मुंबईस उतरून पुढे पुणे-साताऱ्याची वाट हे सर्व धरले, तर नऊ-दहा तास होतात. तरीही १९६६ च्या मानाने हे अंतर चौथाईवर आले आहे, आणि त्याची किंमत ज्याला तार येऊन गेली आहे त्यालाच कळते. तारही आता राहिली नाही. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. दूरध्वनी क्षणात येतो, आणि म्हणूनच पुढचे दहा तास पूर्वीपेक्षा अधिक लांब वाटतात.

निवृत्तीनंतर वडील पुण्यास राहावयास गेले होते. काही वर्षांपूर्वी ते आजारी असल्याचा निरोप मला सकाळी आला आणि त्याच रात्री मी त्यांच्या खाटेजवळ होतो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखले आणि विचारले, ‘गाडी वेळेवर होती ना?’ मी ‘हो’ म्हटले.

आपल्यापैकी जे आज नेमणुकीवर दूर आहेत, त्यांनी नकाशात आपल्या गावाचे अंतर केवळ किलोमीटरांत पाहू नये. भास्करपंतांची फौज येथून वेगाने गेली आणि तिची नाव घेण्यासारखी खूण येथे राहिली नाही. बिंबाजी थांबले, तर रतनपूरच्या टेकडीवर देऊळ राहिले. १८७० चा मार्ग दूरवरून गेला आणि छत्तीसगडचे धान्य कोठारात पडून राहिले. १८९१ चा मार्ग येथे थांबला आणि साठ-पासष्ट वर्षांनी त्याच थांब्यावर पोलाद आले. म्हणून वेळापत्रक बदलण्याची, नवा थांबा मागण्याची, नंदिनीच्या धावपट्टीची चर्चा निघते तेव्हा ती किरकोळ सोयीची बाब मानू नये. कोणाची तरी आई कोठे तरी वाट पाहात असते, आणि वरून जाणाऱ्या विमानाचा तिला काही उपयोग नसतो.